चार बाद ८२६

डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा आमच्या भूगावात भरला होता. पौड रस्त्यावर रांगा लागल्या, पुण्याच्या अभिजित कटकेने साताऱ्याच्या किरण भगतला हरवून गदा खांद्यावर घेतली आणि सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपला. मुळशी हा पैलवानांचा तालुका. राज्यात कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच मातीतले. इथल्या माणसाला खेळ म्हणजे समोरासमोरचा सामना आणि लगेच निकाल, असंच कळतं. गादीवरच्या कुस्तीत तर पाय वर्तुळाबाहेर पडला तरी समोरच्याला गुण मिळतो.

याच डिसेंबर महिन्यात, पण एकोणसत्तर वर्षं आधी, भूगावहून पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर, म्हणजे चांदणी चौक, कोथरूड आणि शहर ओलांडून कॅम्पात, पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडचा अख्खा संघ वर्तुळाबाहेर पडला. पाय घसरून नव्हे, ठरवून. फलकावर तेव्हा महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा होत्या आणि त्यात भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३. जागतिक विक्रम नऊ धावांवर होता.

ही गोष्ट क्रिकेटच्या शौकिनांना थोडीफार ठाऊक असते. सहसा ती एवढीच सांगितली जाते आणि ऐकणारा चुकचुकतो. पण निंबाळकरांची ती खेळी म्हणजे एका हंगामाचा अर्धाच भाग. दुसरा भाग त्याच मैदानावर तीन महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये घडला. तेव्हा धावांच्या ढिगाखाली सापडलेला संघ महाराष्ट्राचाच होता. दोन्ही सामने शेजारी ठेवल्याशिवाय १९४८-४९ चा रणजी हंगाम नीट दिसत नाही.

आधी नावाचं पाहू. ‘महाराष्ट्र’ नावाचं राज्य १ मे १९६० ला झालं. ‘महाराष्ट्र’ नावाचा क्रिकेट संघ मात्र रणजी स्पर्धेत १९३४-३५ च्या पहिल्या हंगामापासून खेळतोय. नकाशावर येण्याआधी पंचवीस वर्षं हे नाव धावफलकावर होतं! मुंबई शहराचा संघ वेगळा, बडोदा वेगळं. महाराष्ट्राचा मुक्काम पुण्यात. १९३९-४० आणि १९४०-४१ असं लागोपाठ दोनदा या संघाने रणजी करंडक जिंकला तो दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. चाळिशीत माणसं क्रिकेट सोडतात. या प्राध्यापकांनी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. जानेवारी १९४० मध्ये पुण्यातच विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या होत्या, आणि पुढच्या हंगामात नॉर्दर्न इंडियाविरुद्ध महाराष्ट्राने ७९८ ची मजल मारली होती. धावांचे डोंगर पुण्याला नवे नव्हते.

१९४८ उजाडेपर्यंत यातलं बरंच पुसलं गेलं होतं. नॉर्दर्न इंडियाचं घर लाहोर. ते सीमेपलीकडे गेलं. सिंधचा संघही गेला. देशातला नकाशा तर महिन्यागणिक बदलत होता. भूगावच्या दक्षिणेला हाकेच्या अंतरावर असलेलं भोर संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. काठेवाडातली लहानमोठी संस्थानं फेब्रुवारी १९४८ मध्ये एकत्र करून सौराष्ट्र बनवण्यात आलं. म्हणजे डिसेंबरात पुण्याला आलेल्या काठेवाड संघाचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, वर्षभरापूर्वी गादीवरचे राजे होते आणि आता नावापुरते. हे ध्यानात ठेवलेलं बरं. एसटीला तर अजून वर्षही झालं नव्हतं. तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला अहमदनगरहून पुण्याला आली. पुण्याला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळायला आणखी पाच वर्षं होती. कॅम्पात काय चाललंय हे मुळशीत कळायचं तर वर्तमानपत्र हाती पडेपर्यंत थांबावं लागत असणार.

मैदानाचीही एक जुनी गोष्ट आहे. पूना क्लब हा गोऱ्या साहेबांचा. १८९० च्या दशकात तिथे पळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला पोरगा दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीला रोलर फिरवायचा, रेषा आखायचा, जाळ्या लावायचा. कॅप्टन ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी गोलंदाज लागे, म्हणून बाळू तासन्‌तास चेंडू टाकी. त्यातून त्या काळचा सर्वोत्तम भारतीय डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. पुण्याच्या हिंदू संघाला तो हवा होता, पण चहाच्या सुट्टीत त्याला इतरांपासून वेगळं, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९४८ च्या डिसेंबरात बाळू हयात होते. त्यांची गोलंदाजी ज्या जमिनीवर घडली, तिच्यावर आता गोलंदाजांचं काय होणार होतं हे पाहिलं की गंमत वाटते आणि थोडं वाईटही.

सामना १६ डिसेंबरला सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ वर संपला. तेव्हाच्या मानाने वाईट नाही. मग महाराष्ट्र खेळायला लागला आणि कमल भांडारकर व निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. काठेवाडचा संपूर्ण डाव जवळजवळ दोनदा मावेल एवढी ही एक भागीदारी. भांडारकरांच्या २०५. दुसऱ्या गड्यासाठीचा हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता आणि तो १९७४ पर्यंत टिकला. वॉरिकशायरच्या जेमिसन आणि कन्हाय यांनी तेव्हा ४६५ करून तो मोडला. निंबाळकर आणि ‘नऊ धावा’ हे इतकं एकत्र जोडलं गेलंय की सव्वीस वर्षं टिकलेल्या या विक्रमाचा उल्लेख कुणी करत नाही. भांडारकरांवर हा थोडा अन्यायच आहे.

निंबाळकर ४९४ मिनिटं, म्हणजे सव्वाआठ तास खेळपट्टीवर होते. ४९ चौकार, एक षटकार. म्हणजे सीमेपार गेलेल्या धावा २०२. उरलेल्या २४१ पळून काढलेल्या! दोन क्रीजमधलं अंतर ५८ फूट धरलं तर फक्त स्वतःच्या धावांसाठी ते सव्वाचार किलोमीटर धावले. भूगावच्या वेशीपासून चांदणी चौक गाठण्याएवढं. जोडीदाराच्या धावांसाठीचं धावणं यात धरलेलं नाही, आणि हे सगळं पायाला जड पॅड बांधून. हेल्मेट नव्हतं, पण ऊन होतं.

डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनीला क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२ केल्या होत्या. तो विक्रम आता दृष्टिपथात होता. आणि इथे, तिसऱ्या दिवशीच्या मध्यंतरात, ठाकोरसाहेबांनी सांगून टाकलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी दोन षटकं मागितली. फक्त दोन. नऊ धावा झाल्या की डाव घोषित करतो म्हणाले. ठाकोरसाहेब बधले नाहीत. काठेवाडने सामना सोडून दिला आणि सामान आवरलं. आपल्या संघाचं नाव नको त्या कारणासाठी विक्रमांच्या पुस्तकात जाऊ नये, ही त्यांची चिंता होती. ते नाव पुस्तकात कायमचं गेलं ते याच कारणाने.

ठाकोरसाहेबांना शिव्या घालणं सोपं आहे आणि गेली पाऊणशे वर्षं ते काम चोख चाललं आहे. पण मला त्यांची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही. महाराष्ट्राची आघाडी ५८८ ची झाली होती. पहिल्या डावाच्या आघाडीवर पुढे जाण्याचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला होता. यापुढे खेळण्याला सामन्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नव्हता. अर्थ होता तो फक्त एका माणसाच्या नावासमोरच्या आकड्याला. दोन दिवस उन्हात चेंडू आणायला पळालेल्या अकरा जणांनी दुसऱ्याच्या विक्रमासाठी आणखी उभं राहावं का? खेळभावना म्हणेल, दोन षटकं काय मोठीशी. खरंय. पण ज्याचं राज्य नुकतंच सहीशिक्क्यानिशी गेलं, त्याने आणखी एका गोष्टीवर सही करायला नकार दिला, असंही याच्याकडे पाहता येईल. अर्थात हा माझा तर्क. ठाकोरसाहेबांच्या मनात नुसता कंटाळाही असू शकेल.

नियमाच्या अंगाने एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एखादा संघ हार मान्य करून किंवा खेळायला नकार देऊन मैदान सोडतो तेव्हा सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल होतो, पण झालेल्या खेळाची नोंद पुसली जात नाही. म्हणूनच निंबाळकरांच्या ४४३ धावा प्रथम श्रेणीत धरल्या जातात आणि त्यांच्यापुढे ‘नाबाद’ लागतं. पुढे हनिफ महंमद यांनी १९५९ मध्ये कराचीत ४९९ केल्या, पाचशेवी धाव घेताना धावबाद झाले. ब्रायन लारा यांनी १९९४ मध्ये नाबाद ५०१ केल्या. निंबाळकर आजही चौथ्या क्रमांकावर आहेत, आणि चारशेच्या पलीकडे गेलेले ते एकटेच भारतीय. रणजीत त्यांच्या खालोखाल आहे तो पृथ्वी शॉ, २०२३ मध्ये ३७९ वर बाद झालेला. मधलं अंतर चौसष्ट धावांचं.

आता मार्च.

त्या आधीचे काही आठवडे मोठे धामधुमीचे होते. वेस्ट इंडीजचा संघ पहिल्यांदाच भारतात आला होता. एव्हर्टन वीक्स एकामागून एक शतकं ठोकत होते. फेब्रुवारीत मुंबईच्या शेवटच्या कसोटीत भारताला जिंकायला ३६१ हव्या होत्या. आठ बाद ३५५ वर वेळ संपली, सहा धावा कमी पडल्या. नाबाद राहिलेल्यांत दत्तू फडकर होते. महाराष्ट्राचे मधुसूदन रेगे या मालिकेत मद्रासला एक कसोटी खेळून आले होते. त्यांच्या १५ आणि शून्य. पुन्हा त्यांना कसोटीची टोपी मिळाली नाही. निंबाळकरांना तर कधीच मिळाली नाही. चारशेवर धावा करूनही कसोटी न खेळलेला फलंदाज २०२२ पर्यंत जगात दुसरा नव्हता.

याच दिवसांत पुण्यात आणखी एक गोष्ट झाली. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. तोवर फर्ग्युसन काय, स. प. काय, इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे १९३५ पासून चालू असलेल्या रोहिंटन बारिया करंडकाच्या आंतरविद्यापीठ सामन्यांत पुण्याचा गुणी विद्यार्थी खेळायचा तो मुंबईच्या नावाने. आता त्याला आपल्या गावाचं नाव मिळालं. मुंबईपासून हे असं वेगळं होऊन महिना होतोय न होतोय तोच, ५ मार्चला, रणजीच्या उपान्त्य सामन्यासाठी मुंबईचा संघ पूना क्लबवर उतरला.

एरवी हे दोन शेजारी पश्चिम विभागातच एकमेकांना भिडून मोकळे व्हायचे आणि एकच पुढे जायचा. त्या हंगामात विभागांची ती चौकट नव्हती, म्हणून मुंबई, महाराष्ट्र आणि बडोदा असे तीन पश्चिमेचे संघ शेवटच्या चारांत आले. आणि संघांची नावं वेगळी असली तरी माणसं कुठली होती पाहा. मुंबईकडून द्विशतक केलं ते माधव मंत्री नाशिकचे. पुढे सुनील गावसकरांचे मामा म्हणूनही त्यांची ओळख झाली. फडकर कोल्हापूरचे, म्हणजे निंबाळकरांच्याच गावचे. महाराष्ट्राचे रेगे पनवेलचे. मुंबई त्यांना पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. खुद्द कोल्हापूर संस्थान १ मार्चला मुंबई प्रांतात विलीन झालं होतं, सामन्याच्या चार दिवस आधी.

मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या. मंत्री २००, उदय मर्चंट १४३, फडकर १३१. महाराष्ट्राने ४०७, दातार १४३, रेगे १३३. आघाडी २४४ ची. फॉलोऑन लादून सामना संपवता आला असता, पण मुंबईची कुळी वेगळी. त्यांनी पुन्हा फलंदाजी घेतली आणि आठ बाद ७१४ वर डाव घोषित केला. उदय मर्चंट यांचं दुसरं शतक, १५६. फडकरांचंही दुसरं, १६०. कसोटी खेळून खेळून दमलेला हा माणूस गोलंदाजीही टाकत होता!

महाराष्ट्रापुढे जिंकण्यासाठी लक्ष्य होतं ९५९.

हा आकडा नीट वाचावा. नऊशे एकोणसाठ, शेवटच्या डावात, चार-पाच दिवस खेळून उखडलेल्या खेळपट्टीवर. आजही प्रथम श्रेणीत पाचशेच्या वरचा पाठलाग यशस्वी झाला की ती बातमी होते. सामना गमावला हे महाराष्ट्राच्या प्रत्येक खेळाडूला दुपारीच कळलं असेल. तीन महिन्यांपूर्वी समोरच्या संघाने याहून कमी संकटात सामान बांधलं होतं. इथे मात्र रेगे पॅड बांधून गेले आणि सामन्यातलं दुसरं शतक काढून आले, बरोबर १००. एस. डी. देवधर (प्राध्यापक नव्हेत) यांनी १४६ केल्या. महाराष्ट्र ६०४ वर सर्वबाद झाला. हार ३५४ धावांची.

६०४ करून साडेतीनशेने हरणं, हे मुळशीतल्या कुठल्याही पैलवानाला समजावून सांगायचा मी प्रयत्न केलेला नाही.

११ मार्चला सामना संपला तेव्हा एकूण धावा झाल्या होत्या २३७६, बळी अडतीस. प्रथम श्रेणीच्या इतिहासात एका सामन्यात एवढ्या धावा आधी कधी झाल्या नव्हत्या आणि आजतागायत झालेल्या नाहीत. नऊ शतकं, तिघांनी दोन्ही डावांत शतक केलं. दर बळीमागे साडेबासष्ट धावा. त्या खेळपट्टीवर गोलंदाजाने काय करायचं? चेंडू टाकायचा, मागे वळायचं, पुन्हा टाकायचा. तेव्हाच्या भारतीय खेळपट्ट्या रोलर फिरवून फिरवून गुळगुळीत केल्या जात. गवत दिसत नसे. वेळेची घाई नव्हती, षटकांची मर्यादा नव्हती, वेगवान गोलंदाज मोजके. घाई नसलेल्या चांगल्या फलंदाजाला बाद करण्याचा एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे त्याचा कंटाळा. आणि या मंडळींना कंटाळा येत नसे. विजय मर्चंटांच्या मुंबईत विकेट फेकणं हे चारित्र्याचं वैगुण्य मानलं जाई. उदय मर्चंट तर त्यांचे धाकटे बंधूच.

चौथ्या डावात ६०४ पेक्षा जास्त धावा प्रथम श्रेणीत एकदाच झाल्यात. मार्च १९३९ मध्ये डर्बनला इंग्लंडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पाच बाद ६५४ केल्या. लक्ष्य ६९६ होतं. ती वेळेची मर्यादा नसलेली कसोटी होती, निकाल लागेपर्यंत खेळायची. दहा दिवस झाले, बेचाळीस धावा उरल्या, पाऊस आला, आणि इंग्लंडला केपटाउनहून सुटणारी बोट गाठायची होती. ते निघून गेले. सामना अनिर्णित. वेळेची मर्यादा नसलेल्या खेळालाही बोटीचं वेळापत्रक असतंच. ठाकोरसाहेबांना हा दाखला ठाऊक असता तर त्यांनी नक्की वापरला असता.

अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याला ४६८ धावांनी हरवून करंडक नेला. महाराष्ट्राचा हंगाम मात्र पूना क्लबवरच संपला. करंडक नाही, विक्रमाला नऊ कमी, आणि सर्वाधिक धावांच्या सामन्यात पराभूत म्हणून नोंद. देवधरांच्या त्या दोन करंडकांनंतर महाराष्ट्राला तिसरा अजून मिळालेला नाही.

धावांचा हात मात्र सुटला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभंग भागी केली. कुठल्याही गड्यासाठीचा जागतिक विक्रम ६२४ चा, म्हणजे तो तीस धावांवर होता. कर्णधार गुगळे स्वतःच खेळत होते, नाबाद ३५१ वर. त्यांनी डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी मैदान सोडून निघाले नव्हते, उलट त्यांनी ऋषभ पंतच्या ३०८ धावांच्या जोरावर ५९० करून दाखवल्या.

निंबाळकर नंतरही बरीच वर्षं खेळले. होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडून. प्रथम श्रेणीत ४८४१ धावा, बारा शतकं. ब्रॅडमन यांनी त्यांना पत्र लिहून तुमची खेळी माझ्यापेक्षा सरस होती असं कळवलं, असं सांगितलं जातं. त्या खेळीची आठवण काढायला लोक त्यांच्याकडे कोल्हापूरला जात राहिले आणि ते न कंटाळता तीच हकिगत सांगत राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये केदार जाधवने गहुंज्याच्या नव्या मैदानावर उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ केल्या, तेव्हा पुन्हा एकदा जुने आकडे निघाले. पुढच्याच महिन्यात, ११ डिसेंबरला, निंबाळकर कोल्हापुरात वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षं पूर्ण व्हायची होती.